अकरा-अठ्ठावीसची चाकं

सौरव आणि माधवीला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली आणि गणपतीत तिचं बारसं उरकलं, त्याच साली, म्हणजे दोन हजार तेवीसच्या दसऱ्याच्या तोंडावर, जयाबाई लेकाबरोबर जुन्या ट्रॅक्टरची चाकं घेऊन निपाणीला गेली. बेळगावात सगळीकडे विचारून झालं होतं. ते माप आता येत नाही, निपाणीला हायवेवर बघा, तिथं उसाच्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे, असंच जो तो सांगत होता. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. टेम्पोत मागची दोन चाकं चढवून सौरव निघाला तेव्हा तिनं पायांत चपला सरकवल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेक-शेगडीला आई कंटाळली असेल, असं सौरवला वाटलं. दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती, आणि आत आढ्याला टेकलेल्या टायरच्या चळती. नव्या रबराचा उग्र वास आणि पलीकडच्या वखारीतून येणारा तंबाखूचा खाट एकमेकांत मिसळून घशाशी बसत होता. दुकानदाराचं नाव शामू. पोट सुटलेला, गालात पान. त्यानं टेम्पोतून उतरवलेल्या चाकाला पायानं ढोसलं, खाली वाकून कडेचे आकडे वाचले आणि मान हलवली.

"अकरा-अठ्ठावीस. आमच्या वडलांच्या टायमाचं माप हे. आता बारा-चार येतंय, न्हायतर तेरा-सहा. पण आदी एक सांगा अण्णा. चालवायचा हाय का ठेवायचा?"

"ठेवायचाच की," सौरव म्हणाला.

"चालवायचा," जयाबाई म्हणाली.

दोघांनी वळून तिच्याकडं बघितलं. शामूनं पान या गालातून त्या गालात घेतलं. "कोण चालवणार आक्का? तुम्ही?" आणि तो स्वतःच हसला. सौरवही हसला. मग शामूनं तिला सोडून दिलं आणि सौरवला समजावून सांगायला लागला, की ठेवायचा असेल तर काम सोपं आहे. तेरा-सहाचे रुंद रिमोल्ड टायर घ्यायचे, बघायला भरदार दिसतात, वर काळा रंग मारायचा, रिमला चांदीचा. "आन् हवा भरायचीच न्हाय. हवा आज ना उद्या जाणार. आत सिमेंट घालायचं. मग शंभर वर्सं टायर बसत न्हाय. गेल्या साली एका रिसॉर्टवाल्याला असाच करून दिलाय, पोरं वर चढून फोटू काढत्यात." सिमेंट हा शब्द ऐकला आणि जयाबाईच्या पोटऱ्या जड झाल्या. आपल्याच पायांत कुणीतरी घमेल्यानं काहीतरी ओतत आहे आणि ते घोट्यापासून वर वर घट्ट होत चाललं आहे, असं तिला वाटलं. तिनं चळतीचा आधार घेतला. हाताला रबराचे उंच दात लागले. चालवायचा, असं आपण म्हणालो हे तिला अजून खरं वाटत नव्हतं. तो आवाज तिचाच होता, पण या वयातला नव्हता. इतकी वर्षं तो कुठं होता, आणि आजच, एका पान खाणाऱ्या माणसाच्या प्रश्नावर, तो असा न विचारता बाहेर कसा आला?

ठेवायचा, हे खरं तर कधीच ठरलं होतं. त्यांच्या गावात, हिंडलग्याच्या स्टॉपजवळ, तरुण मंडळानं फरशीचा कट्टा बांधला होता. बेळगाव कर्नाटकात गेलं त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाला, एक नोव्हेंबरला, त्या कट्ट्यावर ट्रॅक्टर चढणार होता. सीमालढ्यात तुरुंगात गेलेला मारुतीराव आणि तो आत असताना पोलिसांना न भिता तुरुंगाच्या भिंतीलगतचं रान नांगरणारा त्याचा धाकटा भाऊ भरमू, अशा दोघा भावांची आठवण म्हणून. मारुतीराव म्हणजे जयाबाईचा नवरा. गेल्या उन्हाळ्यात त्याचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत खाटेवर होता. भरमू सात वर्षांपूर्वीच वारला होता. ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती. मारुतीरावानं ती प्रत्येक सभेत सांगितली होती आणि दरवेळी तो तिथं येऊन थांबायचा, की "मी बराकीत पडून होतो, सकाळची वेळ होती, आणि भिंतीपलीकडनं माझ्या ट्रॅक्टरचा आवाज आला. मी बाकीच्यांना उठवलं. म्हटलं, ऐका, माझा भरमू नांगरतोय." तिथं टाळ्या पडायच्या. जयाबाईला त्या टाळ्यांची नेमकी वेळ ठाऊक होती. त्या पडल्या की चहाची किटली उचलायची, असा तिच्या हाताला सराव झाला होता.

आणि नांगरत होती जयाबाई.

तिचा बाप आण्णाप्पा सांबऱ्याला सोसायटीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. त्याला मुलगा नव्हता, आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. विमानतळाच्या अलीकडच्या मोकळ्या माळावर तो तिला सीटवर बसवायचा आणि आपण मडगार्डवर बसून बिडी ओढायचा. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. तिचे पाय जेमतेम पोचायचे, क्लच दाबायला पूर्ण उभं राहावं लागायचं. बाप ओरडायचा नाही. फक्त म्हणायचा, "पाय हळू सोड. मशीन हाय, तुझा दुश्मन न्हाय." लग्न होऊन ती हिंडलग्याला आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मारुतीरावानं झेकोस्लोव्हाकियाहून आलेला एक लाल ट्रॅक्टर कुणाकडून तरी वापरलेलाच घेतला. तो दारात उभा राहिला तेव्हा सगळ्या बायकांबरोबर तिनंही हळदकुंकू वाहिलं आणि पदर सावरून मागं सरली. आपल्याला चालवता येतो हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. मारुतीराव चालवायचा, तो गावाला गेला की भरमू चालवायचा, आणि ती भाकरी घेऊन बांधावर जाऊन बसायची आणि भरमू किती वाईट गिअर टाकतो ते कानानं ऐकायची.

मग ते साल आलं, एकोणीसशे शहाऐंशी. जून महिना. सौरव तीन वर्षांचा होता. बेळगावात कन्नडसक्तीविरुद्ध मोर्चे, लाठ्या, गोळीबार झाला, आणि एका पहाटे पोलिसांची गाडी येऊन मारुतीरावाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी भरमू घरात नव्हता. पोलीस परत येतील म्हणून तो रात्रीच निघून चंदगडला बायकोच्या मामाकडं पळाला होता. जाताना आईलासुद्धा सांगून गेला नाही. तुरुंग गावातच. त्याची मागची भिंत आणि यांचं भाताचं रान यांच्यात फक्त एक ओढा होता. पाऊस पडून गेला होता, माती ओलीनं फुगली होती, आणि गावात नांगर धरायला एक धड पुरुष उरला नव्हता. जे आत नव्हते ते लपलेले होते. सासू नागुबाई उंबऱ्यात बसून रडत होती ती मुलांसाठी, पण नजर रानाकडं होती. जयाबाईनं किल्ली खुंटीवरून काढली. नागुबाईनं बघितलं. नातवाला कडेवर घेतलं, एवढंच. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर नुसता जागेवर फिरला. तांबडी चिकण माती, वजनाला हलकी गाडी, मागची चाकं रिकामीच गरगरली आणि नांगर वर उचलून आला. तेव्हा तिला बाप आठवला. सांबऱ्याच्या काळ्या मातीत तो पावसाळ्याआधी मागच्या चाकांत पाणी भरायचा. हिंडलग्यात हे कुणी करत नसे, रिम गंजते म्हणून. तिनं जॅकवर चाक उचललं, व्हॉल्व्ह वर आणला, पिन काढली, शेजारच्या मोटरीची नळी लावली आणि व्हॉल्व्हमधून पाणी परत यायला लागेपर्यंत भरलं. दोन्ही चाकं. मग मात्र गाडी मातीत बसली. ती बसल्याचं तिला कमरेत कळलं. मागचे दात माती धरून पुढं ढकलायला लागले, फाळ आत गेला, आणि मागं वळून बघितलं तर ओल्या तांबड्या मातीची पट्टी सरळ भिंतीपर्यंत उलगडत होती. तसं सुख तिला पुढं कशातच मिळालं नाही. सौरव झाला तेव्हाही नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. भिंतीपाशी वळताना ती मुद्दाम रेस वाढवायची. आत ऐकू जाऊ दे म्हणून.

"आक्का, बाजूला व्हा," शामू म्हणाला. त्यानं एक चाक आडवं पाडलं होतं आणि व्हॉल्व्हवर पाना लावला होता. हवा कधीच गेली होती, तरी त्यानं पिन काढली आणि रिमच्या कडेत दोन टॉम्या घालून टायर उचकटला. तसं आतून पाणी आलं. फार नव्हतं, तांब्याभर असेल. काळपट तांबडं, गंजाचं आणि कुजलेल्या रबराचं. ते फरशीवर पसरत सौरवच्या बुटापाशी गेलं आणि तो उडी मारून मागं सरला. "अरे बापरे," शामू म्हणाला, "पाणी भरल्यालं दिसतंय. आमच्याकडं काळ्या रानात भरत्यात. तुमच्याकडं हिंडलग्याला कुणी भरलं म्हणायचं?"

"काकानं भरलं असणार," सौरव म्हणाला. "भरमूकाकाला असलं लई माहिती होतं."

जयाबाई त्या पाण्याकडं बघत होती. मारुतीरावानं नंतर नवा ट्रॅक्टर घेतला, हा मागच्या शेडात गेला, आणि ती नळीचं पाणी विसरून गेली होती. ते मात्र आत तसंच राहिलं होतं. कुणाला न दिसता, एका जागी, लोखंड खात.

"मी भरलतं," ती म्हणाली.

"तू?"

"व्हय, मी."

"आई, तू ट्रॅक्टरला कधी हात तरी लावलायस काय?"

"त्या साली रान कोण नांगरलं मग?"

"काकानं." सौरवनं शामूकडं बघून घेतलं. बँकेत गिऱ्हाईक अडून बसलं की तो ज्या आवाजात बोलायचा तो आवाज त्यानं काढला. "आई, बाबांच्या भाषणाची क्लिप हाय माझ्या मोबाईलवर. त्यात स्वतः बाबा सांगत्यात. आता तुला काय तरी आठवतंय तसं न्हवं. तू बांधावर भाकरी घेऊन जात असशील."

"तुझ्या बाबालाच इचार."

"विचारतो की," सौरव म्हणाला आणि रिम बघायला वाकला. रिम आतून सडली होती. शामूनं टॉमीनं टोकरलं तर पापुद्रे निघाले. टायर कुठलाही घेतला तरी रिम बदलायलाच हवी होती. मागच्या भंगाराच्या ढिगातून त्यानं दोन जुन्या रिमा ओढून काढल्या, त्या बारा-चारला बसणाऱ्या होत्या, तेरा-सहाला अरुंद. सौरवनं मंडळाच्या अध्यक्षाला फोन लावला. तो म्हणाला, रुंदच घ्या, फोटोत चांगले दिसतात, रिम दुसरीकडं बघू. जयाबाईनं फोन संपायची वाट बघितली आणि मग बारा-चारच्या एका टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. तिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती अक्षरं शिकली होती. पाटीवरची पुसली जायची म्हणून तिला ही उठावाची अक्षरं जास्त भरवशाची वाटायची. हाच टायर, ती म्हणाली. उंच दाताचा, नवा, ट्यूब घालून. आणि हवा भरून. सौरव वैतागला. पण खंडेनवमीला ट्रॅक्टर पूजेला दारात आणायचा होता, आणि तिथून कट्ट्यापर्यंत तो आपल्या चाकांवरच जायला हवा होता. सिमेंटचं चाक क्रेनशिवाय हललं नसतं. "बरं घे," तो म्हणाला, "कट्ट्यावर चढला की मग बघू." शामू खूश झाला. "आक्का, पाणी बी भरू काय?" असं त्यानं चेष्टेनं विचारलं, आणि ती "घरी भरते," म्हणाली तेव्हा तो पुन्हा हसला, पण या खेपेला थोडा कमी.

परतीच्या वाटेवर टेम्पो उसाच्या ट्रॉल्यांमागं रेंगाळत होता आणि सौरव फोनवर होता. जयाबाईला एकच दिवस पुन्हा पुन्हा दिसत होता. मारुतीराव सुटून आला तो. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आईच्या पाया पडला, सौरवला उचललं, आणि मग घरात न येता थेट गोठ्यामागं ट्रॅक्टरपाशी गेला. चाकाभोवती फिरला. पायानं दाबून बघितलं. "पाणी कुणी भरलं?" ती म्हणाली, मी. त्यानं व्हॉल्व्हवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. मग म्हणाला, "रेस लई मारतेस. आत ऐकू येत हुतं." एवढंच. पण त्या एवढ्यावर तिनं किती दिवस काढले! त्याला कळलं होतं. बराकीतल्या काळोखात पडून त्यानं तिचा हात ओळखला होता, नुसत्या आवाजावरनं. नवऱ्यानं आपल्याला असं ओळखावं, आणि तेही न बघता, याहून जास्त तिला काही नको होतं. नंतर चारच दिवसांनी देवळासमोर सुटून आलेल्यांचा सत्कार झाला. भरमूही चंदगडाहून परत आला होता आणि खाली मान घालून मागच्या रांगेत बसला होता. लोक त्याच्याकडं बघून कुजबुजत होते. मारुतीराव बोलायला उभा राहिला, भावाकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघालं. "माझा भरमू नांगरतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भरमूनं मान वर केली. त्या रात्री ती काही विचारणार होती त्याआधी मारुतीरावच म्हणाला, "भरमूला माणसांत तोंड दाखवायला जागा राह्यली नसती. तू काय, घरातलीच हाईस." तिला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं. भाऊ भावाला झाकतो, त्यात वाईट काय? एक दिवसाचं बोलणं आहे, असं तिला वाटलं. ते वाढत जाईल, त्याला दरवर्षी नवी फांदी फुटेल, पोलिसांनी भरमूवर बंदूक रोखली होती, भरमूनं ट्रॅक्टर थांबवला नव्हता, असं होत होत त्याचं झाड होईल आणि त्याच्या सावलीला ती किटली घेऊन उभी राहील, हे तिला कसं कळावं? गावातल्या बायकांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी तिला डोळ्यांनी बघितलं होतं. पण बायकांचं ठाऊक असणं सभेत येत नाही, आणि आता त्यातल्या बऱ्याचजणी मेल्याही होत्या. भरमू जिवंत असताना एकदा, सत्काराची शाल खांद्यावर असतानाच, स्वयंपाकघरात येऊन म्हणाला होता, "वहिनी, मला लाज वाटतीय ओ." ती म्हणाली, "च्या घ्या भावजी, निवतोय." त्यानं घेतला.

संध्याकाळी ती मारुतीरावाच्या खाटेपाशी बसली. खिडकीतून पूर्वी भिंत दिसायची, आता मध्ये अपार्टमेंट उभी राहिली होती आणि रानाची फक्त घरामागची एक पट्टी उरली होती. तिनं त्याच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली.

"चाकं आणली."

"कसली?"

"बारा-चार. उंच दाताची."

"सौरव रुंद घेणार म्हणत हुता की."

"मी न्हाय म्हटलं." तिनं चादर सारखी केली. "एक इचारू काय?"

"इचार की."

"त्या साली तुमी आत हुता, तवा रान कोण नांगरलं?"

मारुतीरावानं तोंड भिंतीकडं केलं. त्याचं डावं अंग अजून चालत होतं, तो हात त्यानं चादरीवर दोनदा फिरवला. "आता ते कशाला काढलंस?"

"कट्ट्यावर भावजींचं नाव घालणार हाईत."

"घालू दे की. मेल्याल्या माणसाचं नाव. तुझं काय जातंय?"

"माझं काय जात न्हाय. दगडावर नको माझं नाव. एकदा सौरवच्या म्होरं म्हणा. माझ्या पोराच्या म्होरं. तेवढंच."

त्यानं तोंड भिंतीकडून छताकडं वळवलं. "बघू," म्हणाला.

हे बघू जयाबाईनं पदराच्या गाठीत बांधल्यासारखं जपलं. आता ते कशाला काढलंस, असं म्हणाला होता. न्हाय म्हणाला नव्हता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याच्या आत कुठंतरी ती सकाळ, तो आवाज, तिचा हात, सगळं शाबूत होतं, फक्त वर इतकी भाषणं पडली होती. त्याला ट्रॅक्टर पुन्हा एकदा ऐकायला मिळाला, तसाच, तिच्या पायाखालचा, तर त्याच्या तोंडून आपोआप निघेल. ती स्वतःशी हे बोलायची तेव्हा तिला आपलीच शरम वाटायची. या वयात, नात पाळण्यात असताना, असल्या गोष्टीसाठी जीव असा टांगून बसायचं? पण जीव टांगलेलाच होता. तिला झोप येईना. बाळाच्या अंगाला तेल लावतानाही तिचा डावा पाय फरशीवर क्लच दाबत होता. माधवी सासूला आत्या म्हणायची. तिनं एकदा ते बघितलं आणि विचारलं, "आत्या, पाय दुखतोय काय?" ती म्हणाली, "व्हय, दुखतोय."

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन पुसून दारात आला. उद्यमबागेतल्या एका मेकॅनिकनं आठवडाभर खपून इंजिन चालू केलं होतं. नवी चाकं काळीकुळकुळीत, दात अजून मातीला न लागलेले. आदल्या दुपारी घरी कुणी नसताना तिनं त्यांत पाणी भरलं होतं. झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटवर गंधाचे पट्टे ओढले, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मंडळाची पोरं मोबाईल काढून तयार होती. लिंबं चिरडत गाडी पुढं घ्यायची असते, आणि मेकॅनिक हात पुसत चढायला निघाला. "सरका जरा, दादा," जयाबाई म्हणाली. आज्जीला फोटो काढायचा असेल म्हणून तो सरला. तिनं पायरीवर डावा पाय ठेवला, मडगार्ड धरलं आणि गुडघ्यातून कळ निघाली ती दातांत धरून वर गेली. सीट गार होती. पायाला क्लच लागला तसा अंगातून एक जुना रस्ता उघडल्यासारखा झाला. पहिल्या आवाजाबरोबर पोरांचा गलका थांबला. लिंबं फुटली. सौरव "आई! ब्रेक, आई!" म्हणत बाजूनं धावत होता, पण तिला ब्रेक लावायचाच नव्हता. बाहेरच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. तिच्या खालून ती सावकाश गेली, घराला वळसा घालून मागच्या पट्टीत उतरली, मागची चाकं ओल्या मातीत बसली, तिथं वळताना तिनं रेस वाढवली, आणि पुन्हा खिडकीखालून, पुन्हा एकदा. पोरं टाळ्या वाजवत होती. सौरव आता धावत नव्हता. तो दारात उभा होता आणि आईकडं अशा नजरेनं बघत होता की जणू ती बाई त्यानं कधी बघितलीच नव्हती.

ती उतरली तेव्हा लुगड्याला डिझेलचा वास येत होता. सौरवनं तिचा दंड धरला. "आई," तो म्हणाला, "तूच..." आणि त्यानं वळून चाकांकडं बघितलं. ती म्हणाली, "चल आत." दोघं खाटेपाशी गेली. मारुतीराव उशीवरून अर्धा उठून बसला होता. इतक्या महिन्यांत तो असा स्वतःहून उठला नव्हता. त्याचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर, लुळ्या बाजूलासुद्धा, एक उजेड होता.

"बाबा, ऐकलं काय?" सौरव खाली वाकून म्हणाला. "सांगा बघू, कोण चालवत होतं?"

"सांगायला कशाला पायजे?" मारुतीराव म्हणाला. जयाबाईनं खाटेचा पाय धरला. "म्या बराकीत पडल्या पडल्या वळखला हुता, आता वळखणार न्हाय काय? भरमूचा हात हाय त्यो. भरमू आलाय. जया, त्येला आत बोलव, किती वर्सांनी आलाय. च्या टाक. साखर जास्त घाल, त्येला लागती."

मारुतीराव दाराकडं बघत होता, लहान मुलासारखा. त्याच्या तोंडावर लबाडीची एक रेघही नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. जयाबाईनं ते नीट बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तिला कळलं की आत आता काही शाबूत नाही. तिनं सौरवकडं बघितलं. सौरवनं बापाचा हात हातात घेतला होता.

"व्हय बाबा," तो म्हणाला. "काकाच आलाय."

जयाबाई उठली, स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला आणि पातेल्यात दोन कप पाणी घातलं. साखर जास्त घातली.

काळ्या दिनाला ट्रॅक्टर ठरल्याप्रमाणे कट्ट्यावर चढला. पाटीवर दोघा भावांची नावं आहेत. मारुतीराव तेव्हा नव्हता. तो कोजागिरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सत्तावीस ऑक्टोबरला सकाळी वारला.